आपल्याच घरात पाहुणा

युसुफ,

परवा अविनाशरावांचा फोन आला. तुझी बातमी त्यांना इथल्या मराठी मंडळातल्या कुणाकडून तरी कळली होती. "फार वाईट झालं हो, सुधाकर. आपल्यातलाच होता अगदी. एक छोटीशी शोकसभा घेऊ या. आमच्या कॉन्डोत हॉल मिळतो." मी फोन ठेवून दिला. शैलाने विचारलं, कोण होतं? म्हटलं, राँग नंबर. मग बेसिनपाशी जाऊन चूळ भरली. तोंडात खरोखरच काहीतरी नासकं आल्यासारखं झालं होतं.

आपल्यातलाच! तू जिवंत असताना हा शब्द त्यांना एकदाही सुचला नाही. माणूस मेला की त्याला आपल्यात घ्यायला काही खर्च पडत नाही. तो राहायला येत नाही ना.

तर त्या शोकसभेला मी जाणार नाही. तू किती जहाजांवर होतास, किती इंजिनं उघडलीस नि मिटलीस, ते ज्यांना बोलायचं ते बोलोत. मला तुझ्याशी बोलायचंय. एकतर मला दुसऱ्या कुणाशी बोलवत नाही, आणि दुसरं म्हणजे आपलं भांडण अर्धं राहिलंय.

पहिली भेट आठवते? इथे सिंगापूरच्या गोदीत दुरुस्तीला आलेल्या टँकरच्या इंजिनरूममध्ये माझ्या पायावर पाना पडला आणि मी आईबहिणीवरून मराठीत सुरू झालो. पंपाच्या मागून आवाज आला, "कोनाला रे शिव्या देतंस?" मी वळून पाहिलं, तर डोक्यावर हेल्मेट, अंगावर तेलकट कव्हरॉल, पिकलेल्या मिशा. मी विचारलं, रत्नागिरी? तू म्हणालास, "केपटाऊन." मला वाटलं थट्टा करतोय.

थट्टा नव्हती. तुझा आजा आमच्याच बाजूच्या खाडीवरून गेलेला. तिथे त्याने फळांचं दुकान टाकलं, आणि सोबत नेलेली भाषा तुम्ही तीन पिढ्या बरणीत मुरवून ठेवलीत. तू आईला 'आवस' म्हणायचास, बापाला 'बापूस'. शैलाला 'वैनी'. इंग्रजी बोलायला लागलास की साहेब, आणि मराठीत आलास की आमच्या वाडीतला. माझी आई सिंगापूरला आली होती तेव्हा तुम्ही दोघं दुपारभर बोलत बसलात. आई मला आत येऊन म्हणाली, "अरे, हा मुसलमान कसला, हा तर आपल्या वाडीतला." तू बाहेरून ऐकलंस आणि ओरडून म्हणालास, "आये, मुसलमान पन हाय आनि वाडीतला पन हाय. दोनी हाय." आई ओशाळली. मग दोघंही हसलात. तिने तुला स्वतःच्या हाताने बांगड्याचं तिखलं वाढलं. परत गेल्यावर पत्रात माझ्याआधी तुझी चौकशी करायची.

तू लग्न का केलं नाहीस, हे मी कधी विचारलं नाही. शैलाने विचारलं होतं म्हणे, आणि तू तिला सांगितलंही होतंस. ती मला सांगत नाही. कालही विचारलं, तर म्हणाली, "ते त्यांचं होतं."

घराची गोष्ट मात्र तू मला सांगितलीस. इथे क्वीन्सटाउनला आपण एकाच ब्लॉकमध्ये, एकाच सरकारी इमारतीत राहत होतो, तू सातव्यावर, आम्ही चौथ्यावर. रविवारी तू जेवायला यायचास. एका रविवारी टीव्हीवर तुझ्या देशातलं मतदान दाखवत होते. माणसांच्या रांगा टेकडीवरून खाली उतरत गेलेल्या. तू घास हातात धरून बघत राहिलास आणि मग कुणी न विचारता सांगायला लागलास.

डोंगराच्या पायथ्याशी तुमची गल्ली. एकाला एक लागून बसकी घरं. एका घरात तुम्ही, आणि मधली भिंत सोडली की पलीकडे तुझी मावशी. तुझी आवस आणि मावशी दोघी सख्ख्या बहिणी, केपमधल्या मलय मुसलमान. सकाळी भिंतीवर मुठीने ठोकलं की पलीकडून मावशी विचारायची, काय गं? साखर, मूल, ताप, भांडण, सगळं त्या भिंतीतून जायचं-यायचं. मग कायदा आला. कुठल्या वंशाच्या माणसाने शहराच्या कुठल्या तुकड्यात राहायचं ते त्यांनी नकाशावर रेघा मारून ठरवलं. डोंगराची बाजू गोऱ्यांची झाली. तुझा बापूस कागदोपत्री इंडियन, म्हणून आवस त्याच्यामागून इंडियनांच्या तुकड्यात. मावशीचा नवरा 'कलर्ड', म्हणजे मिश्र वंशाचा, म्हणून ती त्यांच्या तुकड्यात. मध्ये रेल्वेची लाइन. एका आईच्या पोटच्या दोघी, एका भिंतीच्या दोन बाजूंना निजणाऱ्या, सरकारने त्यांचे दोन वंश केले.

शैला म्हणाली, "पण असं कसं कुणी..."

तू म्हणालास, "वैनी, अगदी सभ्यपणे केलं हो त्यांनी. आरडाओरडा नाय. टाय लावून आले. आवशीने त्यांना चहा दिला."

बापूस नव्या जागी रमलाच नाही. सुट्टीच्या दिवशी बस पकडून जुन्या गल्लीच्या तोंडाशी जायचा, उभा राहायचा, परत यायचा. तो वारला तेव्हा त्याला पुरलं मात्र जुन्याच कब्रस्तानात, गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. कब्रस्तान त्यांनी हलवलं नव्हतं. जिवंत इंडियन त्या बाजूला चालत नव्हता, मेलेला चालायचा. हे सांगताना तू हसलास, आणि मला तुझ्या हसण्याची भीती वाटली होती.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचो, कायदा गेला, आता मतदानही झालं, जा परत. जुबेदा एकटी आहे. तुझी धाकटी बहीण ती, दर ईदेला फोनवर रडते. तू म्हणायचास, "कुठे जाऊ? तिच्या घरात? ते आमचां घर नाय. ते सरकारने दाखवलेलं घर." मी म्हणायचो, मग गल्लीत घर घे. कायद्याने आता कोण अडवणार? तू मान हलवायचास. मी चिडायचो. मला तेव्हा वाटायचं, तुला दुःख कुरवाळायची सवय लागलीय.

शेवटी गेलास. महिनाभर राहीन म्हणून गेलास आणि दोन आठवड्यांत परत आलास. चांगी विमानतळावर मी तुला घ्यायला आलो होतो. घरी येऊन शैलाने चहा ठेवला, तेव्हा म्हणालास, "तिनेपन चहा दिला."

तुझ्या घरात आता एक गोरी बाई राहत होती. जुबेदाने गाडी थांबवली, तू दार वाजवलंस. बाई भली होती. हेच तर तुला सहन झालं नाही. ती रागावली नाही, हाकललं नाही. "ओह, तुम्ही इथे राहायचात? या ना, या!" म्हणून हाताला धरून आत नेलं. घराला आतून पांढरा रंग, जमिनीला पॉलिश, कोपऱ्यात कुंड्या. आणि मधली भिंत नव्हती. तुमचं घर आणि मावशीचं घर, दोन्ही तिने एक करून घेतली होती. जिथे आवस मूठ ठोकायची तिथे मोठं जेवणाचं टेबल होतं. बाई कौतुकाने सांगत होती, "दोन्ही इतकी लहान होती! लोक राहत कसे असतील, कोण जाणे."

तू म्हणालास, "नऊ जण, मॅडम. या बाजूला आम्ही नऊ जण."

"किती गोड!" ती म्हणाली.

तिने चहा दिला, केक दिला. डोंगराकडची खिडकी दाखवली. निरोप देताना तुझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, "बरं झालं ना, संपलं सगळं एकदाचं? आता आपण सगळे सारखे." आणि जुबेदाला म्हणाली, "तुम्हीही इकडे का येत नाही राहायला? फार छान शेजार आहे."

जुबेदा तिकडे आयुष्यभर शाळेत शिकवत होती. त्या गल्लीतलं एक घर घ्यायचं तर तिला आणखी तीन जन्म शिकवावं लागलं असतं. तुझ्या बापसाला मिळेल त्या भावाला जे सोडायला लावलं, ते आता फक्त त्यांनाच परवडणारं झालं होतं ज्यांना ते आयतं मिळालं. मावशीची नातवंडं लाइनीच्या त्या बाजूला, तुमची या बाजूला. कुठेही पाटी नाही, शिपाई नाही, कायद्याचं पुस्तक बंद, आणि संध्याकाळी प्रत्येक जण बरोब्बर नकाशात आखलेल्या आपापल्या तुकड्यात झोपायला जातो.

गाडी लाइन ओलांडायच्या आधी तू जुबेदाला थांबायला सांगितलंस आणि रस्त्याच्या कडेला ओकलास. तो केक. मला हे तू नाही सांगितलंस, जुबेदाने सांगितलं, परवा, फोनवर.

मी तरी भांडत राहिलो. म्हटलं, एक पिढी जाऊ दे. खाडीकाठच्या खाजणाचा बांध फुटून समुद्र शेतात शिरला, तर बांध घातल्याबरोबर भात येत नाही. दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन जायला लागतात. तुला ते पटलं नाही. म्हणालास, "सुधाकर, मीठ आपोआप जातं रे. कारण मिठाचा त्या शेतात फायदा नसतो."

मग आपण इथल्यावर यायचो. इथल्या सरकारने काही वर्षांपूर्वी ठरवलं होतं, की सरकारी ब्लॉकमध्ये चिनी किती, मलय किती, इंडियन किती, याला मर्यादा. कुणाचाही एक गठ्ठा होऊ द्यायचा नाही. मला त्याची किळस यायची. माणसाच्या ओळखपत्रावर वंश लिहायचा आणि तो बघून घर द्यायचं किंवा अडवायचं! मला वाटलं, तू तरी माझ्या बाजूने असशील. तू नव्हतास. तू म्हणालास, "तिथे आम्हांला हाकलायला मोजत होते. इथे शेजारी ठेवायला मोजतात. माझ्या आवशीला असा कायदा मिळाला असता, तर मी त्या साहेबांना बिर्यानी खायला घातली असती." मी म्हटलं, मोजणारा हात तोच, उद्या उलटा फिरला तर? तू म्हणालास, "फिरेल. तोवर तरी लिफ्टमध्ये दुसऱ्याच्या जेवणाचा वास येऊ दे." याचं उत्तर पुढच्या रविवारी देतो म्हटलं होतं. ते अजून राहिलंय.

आणि मग अविनाशरावांकडचं ते दिवाळी फराळाचं आमंत्रण. बुकित तिमाहचा कॉन्डो, म्हणजे पैसेवाल्यांची खाजगी इमारत, खाली निळा पोहण्याचा तलाव, वर गालिचे, चांदीच्या वाट्यांत चिवडा. तुला मुद्दाम बोलावलं होतं. 'आफ्रिकेतला मराठी' बघायचा होता सगळ्यांना. तू पांढरा सदरा घालून, शैलासाठी नि यजमानीणबाईंसाठी मोगऱ्याचे गजरे घेऊन आलास. त्यांनीच तुला गोष्ट सांगायला लावली. तुला नको होती सांगायला, मी बघत होतो. पण आग्रह झाला. तू भिंतीपर्यंत आलास तेव्हा दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. अविनाशराव म्हणाले, "भयंकर! माणुसकीला काळिमा! वंशावरून घर नाकारायचं म्हणजे... छे, आपल्याला तर कल्पनाही करवत नाही."

चहा आला. विषय पुण्यातल्या फ्लॅटवर गेला, कारण इथल्या मराठी घरात चहाबरोबर विषय पुण्यातल्या फ्लॅटवरच जातो. अविनाशरावांनी नव्या सोसायटीत दोन घेतले होते. कुणीतरी विचारलं, शेजार कसा? तर ते म्हणाले, "एकदम आपला. बिल्डर ओळखीचा आहे. वीसच्या वीस फ्लॅट आपल्याच लोकांना. एक मोहमेडन डॉक्टर मागे लागला होता, चांगला सर्जन आहे म्हणे, पण बिल्डरने गोड बोलून वाटेला लावलं. लेखी काही नाही हं! समजून-उमजून असतं ते."

तू समोर बसला होतास, युसुफ. हातात त्यांच्याच घरची करंजी होती. त्यांनी तुझ्याकडे बघून, अगदी मोकळेपणाने, तुला धीर देत म्हटलं, "तुमच्यासारखे असते तर गोष्ट वेगळी हो."

कुणालाही काही वाटलं नाही. ज्या डोळ्यांत पाच मिनिटांपूर्वी पाणी होतं त्या डोळ्यांत आता टाइल्सचा रंग होता. मी उठायला लागलो. काय बोललो असतो कोण जाणे, बहुतेक पाना पडल्यावर बोललो होतो तेच. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. करंजी संपवलीस. बोटं पुसलीस. आणि त्या भाषेत, आमच्या आईच्या भाषेत, अविनाशरावांना म्हणालास, "आमच्याकडे गोऱ्यांना कायदा करायला लागला हो. पार्लमेंट भरवायला लागली, पोलीस लागले. तुम्हांला काहीच लागत नाय. तुम्ही पुढे गेलाव."

अविनाशराव हसले. त्यांना ते कौतुक वाटलं. खरंच वाटलं, युसुफ. खाली टॅक्सीची वाट बघताना तू म्हणालास, "बिचाऱ्याला समजला नाय." बिचारा! तुझं हे 'बिचारा' म्हणणं मला नेहमीच असह्य व्हायचं. माझ्या अंगावर काटा होता शिसारीने, आणि तू शैलाच्या वेणीतला गजरा घसरलाय म्हणून तिला दाखवत होतास.

पुढच्या वर्षी तुझ्या घरमालकाने क्वीन्सटाउनचा फ्लॅट मुलीच्या लग्नासाठी परत मागितला. वेळेत भाडं देणारा, खिळासुद्धा विचारून ठोकणारा तू, साठीला टेकलेला. मला वाटलं, आठवड्यात घर मिळेल. एजंट ग्रेस म्हणून होती, चुणचुणीत, सतत फोन कानाला. मी तुझ्याबरोबर तिच्या टेबलाशी बसायचो. ती एकेका मालकाला फोन लावायची, चिनीत बोलायची, मग रिसीव्हरवर हात ठेवून, वाक्याला इथला तो 'लाह' जोडत तुला सांगायची. "सॉरी अंकल. ओनर म्हणतो, नो इंडियन्स लाह. कुकिंग स्मेल." दुसरा फोन. "नो इंडियन्स." तिसरा. तिच्या आवाजात वैर नव्हतं. मंडईत आज कोथिंबीर नाही म्हणून सांगतात, तसं. एकदा मी टेबलावर हात आपटला, तर ती घाबरून म्हणाली, "अंकल, मी नाही हं, ओनर. रागावू नका लाह."

ब्लॉकमध्ये कोण किती हे सरकारने बसवून दिलं होतं. माणसाच्या नाकात काय बसलंय ते कोण बसवणार? हे तुला मी त्या दिवशी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. भांडणात मला एक गुण मिळाला असता.

शेवटी बुकित बातोकमध्ये घर मिळालं. किल्ली देताना ग्रेस खुशीत होती. "अंकल, मी युक्ती केली. ओनरला सांगितलं, हा इंडियन नाही. हा साउथ आफ्रिकन!"

तू इतका हसलास की तुला खाली बसावं लागलं. ज्या देशाने तुला आयुष्यभर सांगितलं की तू इथला नाहीस, इंडियन आहेस, त्या देशाचं नाव लावून तू इंडियन नाहीस असं ठरलं, तेव्हा कुठे तुला दोन खोल्या मिळाल्या. ग्रेसला वाटलं, तू तिच्या हुशारीवर खूश आहेस. तू तिला आइस्क्रीम घेऊन दिलंस. मी घरी येऊन भिंतीवर डोकं आपटायचं बाकी ठेवलं होतं.

ते घर तू वर्षभरही वापरलं नाहीस. गेल्या महिन्यातल्या त्या दुपारी तू आमच्याकडे यायला निघालास आणि ब्लॉकखालच्या बसस्टॉपवर छाती धरून बसलास. शेजारी तुझ्याच मजल्यावरचा चिनी म्हातारा होता. त्याला इंग्रजी येत नाही, मलयही जेमतेम. तुमची ओळख लिफ्टमध्ये मान हलवण्याएवढी. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याने तुझं डोकं आपल्या खांद्यावर धरून ठेवलं आणि त्याच्या भाषेत काहीतरी सतत बोलत राहिला. काय बोलत होता ते कुणालाच कळणार नाही. तुला कळलं असेल तर माहीत नाही. त्याचे आभार मानायला मी गेलो, तर माझ्याकडेही त्याच्याशी बोलायला शब्द नव्हते. दोघांनी एकमेकांचे हात धरले, बस. त्या कायद्याबद्दलचं तुझं म्हणणं मला तिथे आठवलं. कबूल करत नाही. पण आठवलं.

मशिदीतल्या लोकांनी सगळं नीट केलं. मी खांदा दिला. जुबेदाला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बापसाशेजारी जागा होती. तिथे आम्हांला अजून चालतं." मी तिला म्हटलं, इथेही त्याची जागा डोंगराच्या बाजूलाच आहे. खोटं बोललो. तिथे डोंगर कुठला, सपाट माळ आहे. पण झाडं आहेत, आणि तुझ्या दोन्ही बाजूंना अनोळखी लोक आहेत. कुणी कुणाला विचारून आलेलं नाही.

आता कालचं सांगतो, म्हणजे माझं सांगून संपेल.

आमच्या ऑफिसशेजारी कॉम्प्युटर कंपनीत पुण्याहून एक मुलगा आलाय, निखिल. बायको मधुरा, पाचवा महिना. घर मिळत नव्हतं. तेच, नो इंडियन्स. शैलाने त्यांना जेवायला बोलावलं, तर मधुरा ताटावर बसून रडायला लागली. "काका, आयुष्यात आम्हांला असं कुणी बोललं नव्हतं. आम्ही काय अस्पृश्य आहोत का?" तो शब्द तिने असा उच्चारला, जसा दुसऱ्याचा चुकून आपल्या घरी आलेला कपडा चिमटीत धरतात. मला टोचलं. पण पोरगी गरोदर, परक्या गावात, आणि तिचा अपमान खरा होता.

मी ग्रेसला फोन केला. ती म्हणाली, "अंकल, तुमच्या मित्राने घर एवढं स्वच्छ ठेवलं, ओनर व्हेरी हॅपी. आता म्हणतो, इंडियन ऑल्सो कॅन." बघ, मेल्यावर काय मिळवलंस. मला वाईट वाटत होतं, त्यात थोडं बरंही वाटलं. तुझं घर कुणाच्या तरी पाळण्याला लागेल.

दोघांना घेऊन गेलो. घर आवडलं. वारा छान, बसस्टॉप खाली. मधुराने बेडरूममध्ये पाळणा कुठे ठेवायचा तेही ठरवलं. मग स्वयंपाकघरात शिरली. ओट्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "आधी कोण राहायचं, काका?"

"माझा मित्र. युसुफ."

हात ओट्यावरून उचलला गेला. भाजत असल्यासारखा.

निखिलने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मधुरा म्हणाली, "म्हणजे... इथे ते... सगळंच शिजायचं?"

"सगळंच. मासे उत्तम करायचा."

"नाही, तसं आम्ही काही मानत नाही हं, काका. आमचे कॉलेजमध्ये मुस्लिम फ्रेंड्स होते. पण बाळंतपणाला आई येणार आहेत, त्यांचं सोवळंओवळं असतं. त्यांना कळलं तर..." आणि निखिल खिडकीकडूनच म्हणाला, "घर फर्स्ट क्लास आहे, काका. प्रश्नच नाही."

गोड बोलले. पाया पडून गेले दोघं.

ग्रेस दारात उभी होती. "घेतात ना?"

"नाही."

"का? लहान आहे? भाडं कमी करू?"

मला इंग्रजी सापडेना. गेल्या वर्षी इतके दिवस तिच्या टेबलाशी बसून तिच्यावर डोळे वटारत होतो मी. शेवटी सांगितलं, इथे मुसलमान माणसाने स्वयंपाक केलाय, म्हणून.

तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. खरोखरच तिला हिशेब लागेना. "पण तो इंडियन, हे इंडियन. सेम रेस, वॉट!" आणि मग ती हसली. तुला सांगतो, कुत्सित नव्हतं ते हसू. आपल्यासारखाच वेडेपणा दुसऱ्या घरातही आहे हे कळल्यावर माणूस हलका होऊन हसतो, तसं हसली. माझा चेहरा बघून थांबली. "सॉरी, अंकल. मग ओनरला काय सांगू?"

मी ओट्याकडे बघत होतो. मधुराच्या बोटांचे पुसट ठसे तिथे उमटले होते आणि ते मला पुसावेसे वाटत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाच्या तरी शिवण्याची किळस आली, युसुफ, आणि ती कुणाच्या शिवण्याची, तर आपल्या पुण्याच्या, पाया पडणाऱ्या पोरीच्या. मी खिशातला रुमाल काढला, पुसायला हात पुढे केला, आणि मध्येच थांबलो. रुमाल तसाच परत खिशात घातला.

"सांग," मी म्हटलं, "घर चांगलं होतं. माणसं मिळाली नाहीत."

तिने दिवे घालवले, किल्ली फिरवली, आणि आम्ही खाली आलो.